‘सब ठीक हय’ एवढ्यावर थांबू नका

सर्वेक्षणाच्या बाई वही घेऊन दारात आल्या की आपल्या बऱ्याच घरांत ठरलेले दृश्य दिसते. प्रश्न असतो सुनेला, उत्तर देते सासू किंवा घरातला पुरुष. ‘दवाखान्यात काही त्रास झाला का?’ ‘नाही हो, सब ठीक हय, अल्लाह का शुक्र हय.’ वहीत खूण होते आणि बाई पुढच्या घरी जातात. त्याच सुनेला भर रात्री एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवले होते, उसने पैसे घेऊन जीप करावी लागली होती, हे मात्र कुठेच लिहिले जात नाही.

बायकांना आरोग्याविषयी विचारणारी देशातली सर्वांत मोठी पाहणी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे त्याचे काम असते. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातील सात लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रातील तेहतीस हजारांहून अधिक महिलांशी बोलणे झाले. आजारी पडल्यावर दवाखाना गाठताना मोठी अडचण कोणती, असे त्यांना विचारले गेले. घरची परवानगी, पैसा, अंतर, वाहन, सोबत, स्त्री कर्मचारी नसणे, औषध नसणे, अशा अडचणी एकेक करून विचारल्या. देशातील दर पाच बायकांपैकी तिघींनी निदान एक तरी अडचण सांगितली.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची वेगळी पत्रकेही या पाहणीतून निघतात. किती बाळंतपणे दवाखान्यात झाली, सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाला सरासरी किती खर्च आला, हे त्यांत सापडते. पण तिथे किती वेळ बसवून ठेवले, कोण कसे बोलले, गोळ्या बाहेरून आणायला सांगितल्या का, हे त्या पत्रकात नसते. उदगीर, निलंगा, कंधार, देगलूरकडच्या बाईचा हा अनुभव जाणायचा तर तिलाच विचारावे लागेल.

न विचारल्याने काय होते? ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ नवजात बाळे होती. औषधे कमी पडल्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मृत्यू झाले तेव्हा आकडे मोजले गेले, देशभर बातम्या झाल्या. त्याआधी रोजच्या रोज बायाबापड्यांचे जे हाल होतात, त्यांची मोजणी वेळेवर झाली तर कुठे डॉक्टर कमी आहे, कुठे औषध नाही, हे आधीच कळू शकते.

पण विचारणेही जमले पाहिजे. आमच्या शाळेतल्या माता-पालक सभेत मी एकदा छापील प्रश्न वाचून दाखवला : ‘प्रसूतिपश्चात सेवा समाधानकारक होती का?’ सगळ्या गप्प. मग घरातल्या बोलीत विचारले, ‘जचकी हुई उस दिन घर से निकले तब से क्या क्या हुआ, बोलो.’ एकेक जण बोलू लागली. कुणाची गाडी आली नव्हती, कुणाला कळा चालू असताना ओरडून गप्प केले होते, कुणी पुरुष डॉक्टरांच्या संकोचाने तपासणीच टाळली होती. एकीने नर्सबाईंना भरभरून दुआ दिली. तेही लिहून घेण्यासारखेच होते. ‘त्रास झाला का’ याला हो-नाही एवढेच उत्तर येते. ‘किती वाजता पोहोचलात, कुणी पाहिले, खिशातून किती गेले’ असे विचारले की खरी हकीकत बाहेर येते.

अशा हकीकतींचा उपयोग होतो, हे आपल्या शेजारीच पाहायला मिळाले आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचे काम पाच जिल्ह्यांत सुरू झाले. त्यांत लातूरला लागून असलेला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. गावकऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे : चांगल्याला हिरवा, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल रंग. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो कागद ठेवायचा आणि जाब विचारायचा.

उत्तर देणाऱ्या बाईला आपला हक्कही माहीत हवा, नाहीतर जे मिळाले तेच खूप वाटते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याचे वाहन मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्वांनाच मोफत उपचार आहेत. बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक बाईमाणूस ठेवण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हा रुग्ण हक्कांच्या सनदेतला हक्क आहे. पडदा पाळणाऱ्या आपल्या भगिनींनी तो नि:संकोच मागावा.

शुक्र अदा करणे आपल्या ईमानाचा भाग आहे, आणि खरी साक्ष देणे हीसुद्धा आपल्याला मिळालेलीच शिकवण आहे. या दोहोंत विरोध नाही. जीव वाचला म्हणून अल्लाहचे शुक्र मानावे, आणि रात्री दोन तास डॉक्टर आले नाहीत हेही सांगावे. तिचे सांगणे लिहिले गेले, तर पुढच्या बाईला ते दोन तास कदाचित सोसावे लागणार नाहीत.

म्हणून घरातल्या मोठ्यांना विनंती आहे. पाहणीला कुणी आले तर ओळखपत्र जरूर बघा. त्यानंतर सुनेला, मुलीला त्या बाईंजवळ एकटीला बसू द्या आणि तिच्या वतीने बोलू नका. गावातल्या आरोग्य समितीत आणि दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीत आपल्या वस्तीतली बाई आहे का, याची चौकशी करा. घरच्या बाईने दवाखान्याची तारीख, वेळ, पावती आणि झालेला खर्च एका वहीत टिपून ठेवावा. शाळेत जाणारी लेक आईसाठी ती वही लिहू शकते.