सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो

दिवाळीची सुट्टी जवळ आली की परळ-लालबागच्या घरांत तारकर्लीचे बेत शिजू लागतात. गाव मालवण-कुडाळकडचं, तुतारी किंवा कोकणकन्येची तिकिटं काढून झालेली, आणि या खेपेला मुलांना स्कूबा करायचं असतं. मग घरातलं कुणी मोठं माणूस सांगतं, "पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, जपून वापर. श्वास रोखून धरलास की जास्त वेळ पुरेल." हा सल्ला गिरगावात ऐकला, दादरला ऐकला, आणि त्यातला ऑक्सिजन तर बातम्यांतही सर्रास छापून येतो. सल्ल्याचा पहिला भाग चुकीचा आहे. दुसरा जिवावर बेतणारा आहे.

त्या सिलिंडरमध्ये आपली नेहमीचीच हवा असते, म्हणजे सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. कॉम्प्रेसरने ती गाळून, कोरडी करून साधारण २०० बार दाबाने भरतात. शुद्ध ऑक्सिजन भरला तर माणूस संकटात येईल. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि ऑक्सिजनचा दाब १.६ बारच्या वर गेला की तो मेंदूला विषारी ठरू शकतो, झटके येऊ शकतात. शुद्ध ऑक्सिजन घेणारा ही मर्यादा सहाच मीटरवर गाठतो. कोविडमध्ये ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी वणवण केलेल्या घरांनी सिलिंडर म्हणजे ऑक्सिजन असं धरलं, तर ते समजू शकतं. पण बातमी लिहिणाऱ्याने आणि सहली विकणाऱ्याने तरी एकदा विचारून घ्यायला काय हरकत आहे?

कारण चूक शब्दापुरती राहत नाही. ऑक्सिजन म्हटलं की तो मोजकाच असणार असं वाटतं आणि मूल तो वाचवायला श्वास कोंडतं. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे फुप्फुसांत चार लिटर हवा असेल आणि श्वास रोखूनच माणूस वर आला, तर तिला आठ लिटर जागा हवी असते. ती मिळत नाही. फुप्फुसाला इजा होते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. याला फार खोली लागत नाही. छाती भरलेली असेल तर दीडेक मीटर वर येणंही पुरतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम हाच की श्वास कधीही रोखायचा नाही, सावकाश आणि सलग घेत राहायचा.

आणि पुरण्याचं म्हणाल, तर १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे २४०० लिटर हवा मावते. माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेत असेल, तर १० मीटरवर ४० लागतील. म्हणजे तासाभराचा साठा झाला. पर्यटकांची डुबकी त्याच्या निम्मीही नसते. आईवडिलांनी काळजी करायचीच तर हवा कुठे भरली याची करावी. कॉम्प्रेसर डिझेल इंजिनाच्या धुरापाशी हवा ओढत असेल तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो, आणि त्याला वास नसतो. हे विचारणारे पालक फार थोडे. व्हिडिओ कधी मिळेल, हे सगळे विचारतात.

दुसरा गैरसमज पोहण्याचा. पहिल्या डुबकीला पोहता यावंच लागतं असं नाही, प्रशिक्षक धरूनच नेतो. पाडी या संस्थेच्या नवख्यांसाठीच्या कार्यक्रमात किमान वय १० आणि खोलीची मर्यादा १२ मीटर आहे. डायव्हरचा पूर्ण कोर्स करायचा तर २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं आलंच पाहिजे. पण पोहणं लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. बोटीवर चढल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावरच हवं, उकडत असलं तरी. शिवाजी पार्कच्या तलावात महिनाभर आधी मुलं जाऊ लागली तर उत्तमच.

बाकीचे थोडक्यात. कान दुखले की दात-ओठ खाऊन खाली जायचं नसतं, नाक दाबून हलकेच फुंकायचं, नाही उघडले तर वर यायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी डुबकीच नको. दमा किंवा कानाचं ऑपरेशन फॉर्मवर लपवू नका. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चल' अशी ती खूण आहे. कॅमेऱ्यासमोर अंगठा दाखवाल तर वर नेतील. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीची गोल खूण करा. प्रवाळ हा दगड नाही, तो प्राणी आहे आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याला हात लावू नका, तुकडा घरी आणू नका. माशांना पाव घालू नका.

परतीचंही आधीच ठरवा. सकाळी डुबकी आणि दुपारी चिपीहून विमान, हे चालत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या सल्ल्यानुसार एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमान टाळायचं. आंबोलीही सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, तेव्हा कोल्हापूरमार्गे मोटारीने येणाऱ्यांनी तो घाट दुसऱ्या दिवशी चढावा. रात्रीची कोकणकन्या धरणाऱ्यांना ही अडचण नाही.