अद्भुताला फड हवा

१८ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनात त्याचे नाव होते. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न फसला होता, हे लक्षात घेतले तर ही मजल लहान नाही. कथा अशी : राजी ही कसरती करणारी अनाथ मुलगी. असुर हल्ला करून तिच्या धाकट्या भावाला पळवून नेतात, दुर्गा तिला आयुध देते आणि ती महाबलासुराच्या शोधात निघते. खेळातल्या वास्तू राजस्थानच्या वळणाच्या, चित्रे पहाडी शैलीच्या छायेतली आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांसारखे. हे सगळे देखणे आहे आणि कलावंताने कुठून काय घ्यावे हा त्याचा प्रश्न. पण देवीने असुराला गाठण्याचा हाच खेळ पुण्यापासून फार लांब नसलेल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात दरसाल चैत्र-वैशाखात अख्खा गाव मिळून रात्रभर खेळतो. त्याला बोहाडा म्हणतात. मेळावा म्हटले की अद्भुतकथा आणि खेळ लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर लंडन-लॉस एंजेलिसचे मेळावे येतात, फार तर मुंबईतला कॉमिक कॉन येतो. बोहाडा येत नाही. तो का यायला हवा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात इतकेच की मराठीत अद्भुताला लेखकांचा तोटा कधी नव्हता, तोटा होता तो फडाचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून जमण्याच्या ठिकाणाचा. आणि फड कसा उभा राहतो, वर्षानुवर्षे कसा टिकतो, याचा चालता-बोलता दाखला ठाणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत आहे.

बोहाडा हा एका तालुक्याचा नव्हे. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा आणि पलीकडे नाशिकच्या पेठ-सुरगाण्यापर्यंत त्याचा मुलूख पसरलेला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हार-मोखाडा तिकडे गेले, शहापूर-मुरबाड ठाण्यात राहिले. मुखवटे चढवून नाचणाऱ्या सोंगांनी अर्थातच या हद्दीची दखल घेतलेली नाही. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कोकणा, कुणबी अशा अनेक समाजांचा त्यात हात असतो. हंगाम उन्हाळ्याचा, आगोटीच्या आधीचा, म्हणजे नेमका पाण्याच्या टंचाईचा. तानसा आणि भातसा ही मुंबई-ठाण्याची तहान भागवणारी धरणे याच शहापूर तालुक्यातली, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यातले. अशा दिवसांत गावे वर्गणी काढून, रात्री जागवून सोंगे नाचवतात. हा हौसेचा भाग असता तर एखाद्या वाईट वर्षी सुटला असता. तो सुटत नाही, कारण तो गावाच्या वर्षाच्या हिशेबात धरलेला असतो.

आता सोंग जवळून पाहू. मुखवटा कागदाच्या लगद्याचा, पूर्वी बहुधा हलक्या लाकडाचा, भडक रंगवलेला. रावणाला दहा तोंडे, मोठ्या देवांना मागे प्रभावळ. डोक्याला फडके गुंडाळून त्यावर तो आवळून बांधतात. आतल्या माणसाला बारीक भोकांतून समोरचे जेमतेम दिसते, म्हणून बाजूने कुणी ना कुणी त्याला सावरत चालतो आणि पुढचा माणूस टेंभा असा धरतो की उजेड मुखवट्यावर पडावा. संबळ आणि पिपाणीच्या ठेक्यावर सोंग दोन पावले पुढे, पाऊल मागे असे करत देवळाकडे सरकते. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. गणपतीची डुलती, राक्षसाची आदळआपट करणारी, आणि जाणता प्रेक्षक मुखवटा दिसण्याआधी ठेक्यावरून सोंग ओळखतो. क्रमही ठरलेला. आधी गणपती, शारदा, मग पुराणातली आणि गावदेवतांची सोंगे, आणि शेवटाकडे देवी आणि महिषासुराची झुंज. बहुतेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराचे हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असते. काही ठिकाणी सोंगांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून खर्च भागतो. खेळ लिहिणारा माणूस हे वाचताना थबकेल, कारण त्याच्या कामाचे सगळे घटक इथे आहेत : पात्रे, पात्रागणिक हालचाल, ठरलेला क्रम, अटीतटीचा शेवट, भूमिका वाटण्याची रीत आणि खर्चाची सोय. शिवाय एक गोष्ट अशी जी त्याच्या यंत्रात नसते. इथे आज जो पाहणारा आहे तो उद्या रात्री सोंगाखाली असतो.

याउलट मराठीतल्या छापील अद्भुताची कथा पाहा. आपली कादंबरी मुळात अद्भुतातूनच वाढली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पुढे हरिभाऊ आपटे आले, वास्तवाचा मान वाढला आणि हे सगळे ‘अद्भुतरम्य’ म्हणून बाजूला पडले. १९१३ मध्ये नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली आणि पिढ्यान्पिढ्या वाचली गेली, तरी वाङ्मयाच्या चर्चेत तिला दर्जाची खुर्ची मिळाली नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून या प्रथेची सुरुवात केल्यापासून अद्भुत लिहिणाऱ्याला वर्षातून एक हमखास प्रकाशन मिळू लागले. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने आणि पुढे ‘धनंजय’ने भय, रहस्य, चमत्कार यांना घर दिले. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके वाचनालयांत फाटेपर्यंत फिरली. पण अंक घरी येतो आणि माणूस तो एकट्याने वाचतो. धारपांचे वाचक एकमेकांना भेटले कुठे? त्यांच्या एका कथेतून मिळालेल्या ठिणगीवर राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये पडद्यावर आला, आणि २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा तरुणांनी गर्दी केली. ती गर्दी अचानक जन्मलेली नव्हती, तिला एकत्र येण्याचे निमित्त तेवढे मिळाले.

विज्ञानकथेचे उदाहरण घेतले की फरक ठळक दिसतो. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. १९७४ मध्ये तिच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली. आद्याक्षरे उलटी फिरवली की जयंत विष्णू नारळीकर होतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून पाठवली होती. कथेचे नाव ‘कृष्णविवर’, आणि पहिले बक्षीस तिलाच मिळाले. नारळीकर स्पर्धेविना लिहिते झालेच नसते असे नाही, पण संस्था होती, दरसालची स्पर्धा होती, अधिवेशने होती, म्हणून त्या प्रकाराला वाचक, परीक्षक आणि नवे लेखक असा राबता मिळाला. त्याची परिणती अशी की २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अद्भुतकथेकडे अशी परिषद नव्हती, आणि धारपांच्या वाट्याला तसली खुर्ची आली नाही. प्रतिभेत नारळीकर मोठे की धारप, हा वाद इथे गैरलागू आहे. एकाच्या पाठीशी फड होता.

परदेशातही गोष्ट वेगळी नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावात १९६८ मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी युद्धखेळ खेळणाऱ्या मोजक्या मंडळींना एका सभागृहात जमवले. तोच जेन कॉन. भूमिका घेऊन खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला १९७४ मध्ये. म्हणजे मेळावा आधी, खेळ नंतर. आज तो मेळावा इंडियानापोलिसला भरतो आणि गर्दी सत्तर हजारांच्या घरात जाते. आपल्याकडे कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत सुरू झाला आणि लगोलग मुंबईतही आला, पण त्याच्या मंचावरची भाषा प्रामुख्याने इंग्रजी, आणि तिकीट काढून आत जाणारा हा शेवटी गिऱ्हाईकच. सोंगे तिथेही असतात, स्पर्धाही होते. मात्र उद्या ते सोंग कुणी घ्यायचे हे ठरवणारा गाव तिथे नाही.

फड नसला की काय होते, हे सांगणारी अद्भुताच्या अपयशी प्रकाशनाची एक जुनी दंतकथा शहापूर-मुरबाडच्या मातीच्या अगदी जवळची आहे. सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरकडे आणि पुढे प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला, जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, आणि खडकात कोरलेले पटखेळही तिथे आढळले आहेत. मंकळ्यासारखे खळग्यांचे, नवकंकरीसारखे चौकोनांचे. वाटेवर थांबलेल्या माणसांनी वेळ घालवायला कोरलेले असणार. त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, दंतकथेप्रमाणे, गुणाढ्याने सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत लिहून सातवाहन राजाकडे पाठवली. राजाने भाषेवरूनच नाक मुरडले. सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त सांगितल्याप्रमाणे गुणाढ्य रानात गेला आणि एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. पशुपक्षी चारापाणी सोडून ऐकत बसले, त्यांच्या उपासाने राजाच्या ताटातले मांस सुकले, तेव्हा कुठे राजा धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. ही इतिहासाची नोंद नव्हे. पण अद्भुत वाङ्मयाने स्वतःविषयी सांगितलेली ही फार जुनी तक्रार आहे, आणि तिचा रोख स्पष्ट आहे : दरबारात जे पडले ते रानातल्या श्रोत्यांमुळे वाचले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बोहाडा हे देवकार्य आहे, करमणूक नव्हे. त्याला खेळांच्या मेळाव्याशेजारी बसवणे अनुचित. मला हा आक्षेप शहरी वाटतो. बोहाड्यात देवीचे सोंग घेणारा नेम पाळतो आणि त्याच रात्री हसवणारी सोंगेही येतात. गावाला यात विसंगती दिसत नाही. ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला गेलेला मोक्षपट तरी काय होता? कवड्या टाकून खेळायचा पट आणि कसे जगावे हे सांगणाऱ्या ओव्या, दोन्ही एकाच कागदावर. तो ज्ञानदेवांचाच का, यावर वाद घालता येईल, पण परमार्थ आणि खेळ एकत्र नांदू शकतात यावर नाही. दुसरा आक्षेप लेखकाचा. बोहाड्याला लेखक नाही, मग लेखकाने त्यातून शिकायचे काय? खेळाचा लेखक मुळात गोष्ट सांगत नाही, गोष्ट घडू शकेल अशी चौकट बांधतो. कोण कधी येईल, कुणाला काय करता येईल, चुकले तर काय, हे त्याचे लेखन. बोहाड्यातला क्रम, मान आणि ठेका हे त्याच जातीचे लेखन आहे. फक्त ते अनेक पिढ्यांनी मिळून केले आणि कुणी सही केली नाही.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि त्याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही. शहरातले लोक येतील, मुखवट्यांचे फोटो काढतील, त्यांवरून राक्षस बनवतील, आणि ज्या घराने चार पिढ्या ते सोंग नाचवले त्याला काहीच मिळणार नाही. ही भीती कल्पनेतली नाही. वारली चित्रांचे आपण काय केले ते चहाच्या कपांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर दिसतेच. २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंद झाली तोवर त्या त्रिकोण-वर्तुळांच्या माणसांची वरात जगभर निघून गेली होती. म्हणून बोहाड्यातून मुखवटे उचलू नयेत, असेच मी म्हणेन. उचलायची तर त्यातली रीत उचलावी : दरसाल ठरलेला दिवस, भूमिकांची वाटणी, पाहणाऱ्याला करणारा बनवण्याची सोय आणि खर्च सगळ्यांचा. आणि एखाद्या गावाचे सोंगच हवे असेल तर गावाला विचारावे, नकार मिळाला तर निमूट परतावे, होकार मिळाला तर श्रेयनामावलीत गावाचे नाव आणि हिशेबात गावाचा वाटा असावा.

ही रीत अमलात आणायला मुंबईत सभागृह घेण्याची गरज नाही. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, भांडीकुंडी, पाळणे, सगळ्या ठाणे जिल्ह्याची आणि घाटावरचीही माणसे कित्येक दिवस येत असतात. मुरबाडला अजून रेल्वे नाही, तरी गर्दीला कधी अडचण आली नाही. दिवाळी अंक आश्विन-कार्तिकात निघतात, यात्रा त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी येते. तोवर अंक जुने झालेले नसतात आणि नवा खेळ चाचणीला आणण्याइतका तयार होऊ शकतो. स्विच यंत्र शहापूर-मुरबाडच्या किती घरांत असेल? पण मोबाइल आहे, पट आहे, कवड्या-सोंगट्या आहेत. मराठीत अद्भुतकथा लिहिणाऱ्यांनी, त्या छापणाऱ्या संपादकांनी आणि पुण्या-मुंबईत खेळ बनवणाऱ्या मंडळींनी येत्या पौषात म्हशाच्या यात्रेत एक पाल ठोकावे, पोरांना खेळ फुकट खेळू द्यावा, आणि ती कुठे कंटाळून उठून जातात ते वहीत टिपून घ्यावे.