हुलग्याला पान हवं

राळेगणसिद्धीवर पुष्कळ लिहून झालं आहे. १९७५ साली अण्णा हजारे गावी परतले, त्यानंतरची नालाबंडिंगची कामं, पाझर तलाव, श्रमदान, दारूबंदी आणि गरजूला धान्य उसनं देणारी धान्य बँक, हे सगळं महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. या लेखनाचा भर पाण्यावर राहिला, ताटाकडे ते क्वचितच वळलं. राळेगणचा, अहिल्यानगर जिल्ह्यातला पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. खरिपाला बाजरी, मटकी, हुलगा आणि रब्बीला ज्वारी, हे इथलं जुनं पीक. पाणी अडलं तसे कांदा, भाजीपाला आणि दूध वाढले. पौष्टिक घरगुती पाककृतींचा शोध घेणाऱ्याने अशाच कोरडवाहू गावच्या चुलीपासून सुरुवात करावी, असं मला ठामपणे वाटतं. अडचण एवढीच की तिथला स्वयंपाक पुस्तकात फार थोडा उतरला आहे.

मराठी पाकपुस्तकांची परंपरा मोठी आहे. १८७५चं ‘सूपशास्त्र’, १९१०चं लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’, १९७०ची कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं आणि सासू-आईपासून दूर राहणाऱ्या नव्या संसारांना आधार दिला, हे तिचं ऋण मोठं आहे. पण अशा पुस्तकांचा वाचक मुख्यतः शहरी, मध्यमवर्गीय. त्यांतले पदार्थही त्याच घरांतले. गावकुसाबाहेरचं स्वयंपाकघर छापील पानावर ठसठशीतपणे यायला शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ची, म्हणजे २०१५ची वाट पाहावी लागली, आणि तेही मराठवाड्याचं. अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या शेंगोळ्यांना, माडग्याला, हरभऱ्याच्या वाळवलेल्या पाल्याला असं पुस्तक अजून मिळायचं आहे.

हा केवळ जुन्या चवींचा हळवेपणा नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं आणि ६ मिलिग्रॅमहून अधिक लोह आहे. पॉलिश केलेल्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमही भरत नाही. हुलग्यात प्रथिनं २० ग्रॅमच्या वर. दुसरीकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. यावर आहारशास्त्र जाणणारे रास्त हरकत घेतात: बाजरीतलं फायटेट लोह शरीराला पुरतं लागू देत नाही, मग नुसत्या तक्त्याचा उपयोग काय? म्हणूनच तर पाककृती हवी. कडधान्याला मोड आणले, पीठ आंबवून आंबील केली की फायटेट कमी होतं. भाकरीसोबत लिंबू किंवा ताजा पाला असला की लोह अधिक शोषलं जातं. लोह जास्त असलेल्या ‘धनशक्ती’ या बाजरीच्या वाणाची भाकरी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना देऊन चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. चार महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारलेला दिसला. औषध म्हणून वेगळं काही खायचं नव्हतं. खायची होती ती भाकरीच.

दुसरी हरकत जास्त बोचरी आहे. हुलगा-बाजरी हे नाइलाजाचं खाणं होतं, चार पैसे आल्यावर लोकांनी गहू-तांदूळ जवळ केला, मग बाईला पुन्हा परातीपुढे का बसवायचं? ही तक्रार खोटी नाही. थापण्याचे कष्ट आणि चुलीचा धूर यांचं कौतुक करण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण कष्ट एका बाईच्या हातात अडकून राहतात, त्यातलं एक कारण म्हणजे ती रीत दुसऱ्या कुणाला नीट सांगितलेलीच नसते. बाजरीत तेलाचा अंश बराच, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. दळण थोडं-थोडंच आणावं. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते, तेव्हा ते गरम पाण्यात भिजवावं. एका भाकरीपुरतंच पीठ घेऊन तळहाताने चांगलं मळावं, थापलेली भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवावं आणि ते सुकायच्या आत उलटावी. सुकू दिलं तर भाकरी तडकते आणि फुगत नाही. एवढं स्पष्ट लिहिलेलं असेल तर तालुक्यातल्याच सुप्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, खोली घेऊन राहणारा मुलगाही महिनाभरात भाकरी शिकेल. शेंगोळे तर त्याहून सोपे: हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट भिजवायचं, हातावर वळून कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. एकाच भांड्यात जेवण तयार.

गावच्या बायकांना पुस्तकाची गरजच काय, असंही म्हटलं जातं. त्यांना नसेल, त्यांच्या पुण्यात शिकणाऱ्या लेकींना आणि शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्यांना आहे. याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. ते बियाणं टिकायचं तर त्याचं पीक रोज कुणाच्या तरी ताटात पडायला हवं. त्यासाठी बचत गटांनी आणि कृषी विद्यापीठाच्या गृहविज्ञानाच्या अभ्यासकांनी एकत्र बसून मापासहित, हंगामासहित, सांगणाऱ्या बाईच्या नावासहित एकेक पदार्थ लिहून काढावा, आणि सुरुवात हुलग्यापासून करावी.