जुन्या मोटारीच्या बॉनेटला पिना बसविताना

आमच्या वाचकांत डेंटर, पेंटर, लेथवाले, प्लेटिंगवाले आणि मोटारीच्या सुट्या भागांचे दुकानदार बरेच आहेत. जुन्या मोटारीचा एखादा हौशी मालक यांच्यापैकी कोणाकडे तरी एक लहानशी प्लास्टिकची पिशवी घेऊन येतो. पिशवीत आटे पाडलेल्या दोन पिना, चार नट, पत्र्याच्या दोन चकत्या, दोन स्प्रिंगच्या क्लिपा आणि बारीक तारेचे दोन तुकडे असतात. “उस्ताद, एवढे बॉनेटला लावून द्या, अर्ध्या तासाचे काम आहे,” असे तो म्हणतो. काही मालक तर घरच्या अंगणात स्वतःच ड्रिल घेऊन बसतात आणि काम बिघडले की मग मिस्त्रीला बोलावतात.

काम अर्ध्या तासाचे नाही. निदान अर्धा दिवस धरावा, आणि त्यातला बहुतेक वेळ मोजण्यात आणि खुणा करण्यात जावा. बॉनेटच्या पत्र्याला भोक पडले की पडले. ते दोन सूत इकडेतिकडे झाले तर वेल्डिंग, ठोकाठोक, पुट्टी आणि पूर्ण बॉनेटचा रंग, एवढे सगळे कारागिराच्या गळ्यात येते. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचे दुसरे बॉनेट बाजारात जाऊन आणू म्हटले तरी मिळेलच असे नाही.

मुळात ही पिन कशासाठी? बहुतेक गाड्यांच्या बॉनेटचे बिजागर मागे, काचेच्या बाजूला असते आणि कुलूप पुढे असते. गाडी जोरात धावू लागली की वारा पुढच्या फटीतून आत शिरतो आणि बॉनेटला खालून उचलू पाहतो. कुलूप झिजलेले असेल आणि आतला सेफ्टी हूकही निकामी असेल तर बॉनेट उघडून थेट काचेवर आदळते, आणि चालवणाऱ्याला पुढचे काही दिसेनासे होते. शर्यतीच्या गाड्यांत वेग जास्त आणि पत्रा हलका, म्हणून तेथे बॉनेटच्या पुढच्या दोन कोपऱ्यांजवळ उभ्या पिना बसवून त्यांत आडवी क्लिप घालण्याची पद्धत पडली. क्लिप ओढली की बॉनेट मोकळे, त्यामुळे आग लागली तरी मदतनिसाला ते झटकन उघडता येते. ज्या गाड्यांचे बॉनेट पुढच्या बाजूला बिजागर असलेले आहे, उदाहरणार्थ जॅग्वार ई-टाइप, त्यांत वारा बॉनेटला उलट दाबूनच धरतो. तेथे या पिनांचे फारसे काम नाही.

शर्यतीतून ही गोष्ट अमेरिकन कारखान्यांच्या रस्त्यावरच्या गाड्यांत आली. १९६९ च्या फोर्ड मस्टँग मॅक वन या गाडीला काळ्या बॉनेटवर तारेला बांधलेल्या क्लिपांच्या पिना कारखान्यातूनच येत. पुढच्याच वर्षी, १९७० च्या मॅक वनला फिरवून बंद करण्याची वेगळी कुलुपे आली. त्याच १९६९ साली डॉज सुपर बी आणि प्लिमथ रोड रनर यांच्या ४४० इंजिनाच्या एका खास प्रकारात फायबरग्लासचे बॉनेट होते. त्याला बिजागरच नव्हते. चार पिना काढायच्या आणि दोघांनी मिळून बॉनेट उचलून बाजूला ठेवायचे. आखातात गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आमच्या कोकणी बंधूंना अशा अमेरिकन गाड्या नवीन नाहीत.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून सांगावी लागते. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ या काळात मोटारी जुळविल्या, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. त्या काळच्या या गाड्यांना अशा पिना कधीच नव्हत्या. १९४८ च्या डॉजला चकचकीत पिना लावणे म्हणजे आजोबांना जीन्स घालणे होय. आमचे मत स्पष्ट आहे. गाडीला कारखान्यातून पिना येत असतील, किंवा ती खरोखर जोरात पळवली जाणार असेल, तरच भोक पाडावे. केवळ शोभेसाठी पाडू नये. कुलूप नीट लागत नाही म्हणून पिना हव्यात, असे मालक म्हणत असेल तर आधी कुलूप दुरुस्त करून द्यावे. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते.

यात कायद्याचाही भाग आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे, आणि राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते. जो मालक पुढेमागे या नोंदणीसाठी जाणार आहे, त्याने ड्रिल चालण्यापूर्वीच विचार केलेला बरा. कारागिराने आपल्या बिलबुकात ‘मालकाच्या सांगण्यावरून बॉनेटला दोन भोके’ असे लिहून सही घ्यावी. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडे अमानत असते, आणि अमानतीत तोंडी बोलणे पुरेसे नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

पिशवीतला माल आधी पाहून घ्यावा. नुसत्या चिकटवायच्या शोभेच्या पिनाही बाजारात मिळतात. त्या काहीच धरत नाहीत, तेव्हा त्या सरळ परत कराव्यात. खरी पिन तीन सूत किंवा चार सूत जाडीची असते, तिच्या खालच्या भागावर आटे असतात आणि टोकाजवळ क्लिपसाठी आडवे भोक असते. साध्या लोखंडावर क्रोम केलेल्या पिनेपेक्षा स्टेनलेसची घ्यावी. आपल्या समुद्रकाठच्या हवेत क्रोमखालून गंज फुटतो आणि त्याचे तांबडे ओघळ रंगावर उतरतात. लेथवाल्या बंधूंना ही पिन बनविणे कठीण नाही, मात्र आडव्या भोकाच्या कडा गोल घासून द्याव्यात. धारदार कडा क्लिपला खाते.

पिनेला हात लावण्यापूर्वी बॉनेट जुळवावे. जुन्या गाडीचे बिजागर ढिले झालेले असते आणि पुढचे रबरी बफर चपटे झालेले असतात, त्यामुळे बॉनेट कधी डावीकडे तर कधी उजवीकडे बसते. अशा बॉनेटवर खूण केली तर ती आज एका जागी आणि उद्या दुसऱ्या जागी. बिजागराचे बोल्ट कसून, बफर बदलून, दोन्ही मडगार्डांजवळची फट सारखी करून घ्यावी. दहा वेळा उघडझाप केली आणि दहाही वेळा बॉनेट त्याच जागी बसले, म्हणजे पुढे जावे.

पिन उभी राहते ती रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर. गाडीचा मध्य काढून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर जागा ठरवावी. त्या जागेच्या खाली रेडिएटर, हेडलाइटची वायर किंवा कुलपाची तार येत नाही, हे हात घालून पाहावे. वरच्या बाजूला बॉनेटच्या आत पत्र्याची दुहेरी चौकट असते. शक्यतो चौकट चुकवून एकेरी पत्रा असेल तेथे पिन आणावी. दुहेरी पत्र्यातून जावेच लागले तर आतले भोक बाहेरच्यापेक्षा मोठे ठेवावे, नाहीतर बॉनेट उतरताना पिन आत अडकते. बॅटरीची एक वायर काढून ठेवावी, रेडिएटर आणि इंजिनावर जाड कापड टाकावे, आणि मगच पट्टीला भोक पाडून पिन उभी करावी. पट्टीच्या वर एक नट आणि खाली एक नट, दोन्हींखाली रुंद वॉशर. पट्टीचा पत्रा पातळ असतो, लहान वॉशर त्यात रुतते.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच चुकते. बहुतेक जण टेपने पट्टीवरचे माप घेतात आणि तेच माप बॉनेटवर वरून टाकतात. आमच्या पाहण्यात एका चांगल्या, हात बसलेल्या डेंटरने असेच केले. माप अचूक होते. पण बॉनेटला उतार होता आणि ते बिजागरावर गोलाईत उतरत होते, आणि टेपला हे काही कळत नाही. पिन भोकापासून एक बोट पुढे आली. त्या दिवशीची त्याची मजुरी तर गेलीच, वर रंगाचा खर्चही अंगावर आला.

खूण टेपने करायची नाही, पिनेकडूनच करून घ्यायची. दोन्ही नट फिरवून पिन इतकी खाली घ्यावी की बॉनेट पूर्ण बसताना तिचे टोक आतल्या पत्र्याला जेमतेम टेकेल. टोकावर थोडे ग्रीस, रंग किंवा लिपस्टिक लावावी. बॉनेटचे कुलूप तात्पुरते काढून ठेवावे. ते लागून बसले आणि पिन अडकली तर बॉनेट उघडणार कसे? मग बॉनेट दोन्ही हातांनी सावकाश खाली आणून फक्त टेकवावे आणि उचलावे. आतल्या पत्र्यावर ठिपका उमटतो. तो पुसून पुन्हा एकदा करून पाहावे. दोन्ही वेळा ठिपका एकाच जागी आला की खूण पक्की.

ठिपक्यावर हलका पंच मारून खालूनच एक सुताचे बारीक भोक पाडावे. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो, ड्रिल दाबून धरले तर तो आत वाकतो. म्हणून वरच्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरावा. आता बॉनेट पुन्हा टेकवून, बॅटरीच्या उजेडात त्या बारीक भोकातून वरून पाहावे. पिनेचे टोक भोकाच्या बरोबर खाली दिसले तर उत्तम. थोडे सरकलेले दिसले तरी घाबरू नये, येथपर्यंत सगळे हातात असते. मोठे भोक त्या बाजूला किंचित सरकवून घेता येते आणि चकती ते झाकते. हे पाहिल्याशिवाय जो मोठे बिट लावतो, त्याने नशिबावर काम सोडले असे समजावे.

मोठे भोक मात्र वरून पाडावे. रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्यावेत, नाहीतर रंगाचे टवके उडतात. साधे जाड बिट पातळ पत्र्यात भोक गोल पाडत नाही, तीन कोनी फाडते. पायऱ्यापायऱ्यांचे स्टेप बिट वापरावे. तीन सुताच्या पिनेला चार सुताचे भोक पुरते. कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ करून लोखंडाचा कीस ब्रशने झाडून घ्यावा. हा कीस रंगावर पडून राहिला तर पहिल्याच पावसात तांबडे ठिपके धरतो. उघड्या कडेला प्रायमर आणि त्यावर रंग, आतून आणि बाहेरून, आणि तो पूर्ण वाळू द्यावा. घाईत हाच भाग वगळला जातो. वर्षा-दीड वर्षाने चकतीखालून रंग फुगतो, तेव्हा मालक पिनांना नव्हे, कारागिराला नावे ठेवतो.

चकतीखाली पातळ रबराचे गॅस्केट घालावे. पाणी आत जात नाही आणि दोन वेगळ्या धातूंचा संबंधही तुटतो. चकती बसविताना पिन भोकाच्या मधोमध आहे ना, हे पाहून मगच तिचे बारीक स्क्रू किंवा रिव्हेट मारावेत.

शेवटी पिनेची उंची. बॉनेट बंद असताना तळहाताने जरासे दाबले की क्लिप सरकली पाहिजे, आणि हात सोडला की खडखड होता कामा नये. हातोडीने ठोकून क्लिप घालावी लागत असेल तर पिन खाली गेली आहे, रोज तो ताण बॉनेट सोसेल आणि एक दिवस पोक धरेल. उंची जमली की दोन्ही नट एकमेकांविरुद्ध कसावेत. नायलॉक नट असतील तर आणखी चांगले. क्लिपची तार प्लास्टिकच्या आवरणाची घ्यावी आणि इतकीच लांब ठेवावी की ती वाऱ्याने रंगावर आपटणार नाही. उघडी तार महिनाभरात रंगावर अर्धवर्तुळ कोरते.

मूळचे कुलूप पुन्हा बसवून द्यावे. शर्यतीच्या गाडीतून ते काढतात, ते पाहून इकडेही काढण्याचा आग्रह होतो. रस्त्यावरच्या गाडीचे काढू नये. पिनेची क्लिप कोणीही येता-जाता ओढू शकतो, आणि बॅटरी चोरीला जायला तेवढे पुरते.

भोके अजिबात नकोत, पण बॉनेट बांधायचे आहे, असे म्हणणारे इंग्लिश गाड्यांचे मालकही भेटतात. त्यांच्यासाठी चामड्याचा पट्टा हा जुना मार्ग आहे. मॉन्टे कार्लो रॅलीत धावलेल्या मिनी कूपर गाड्यांच्या बॉनेटवर असे पट्टे होते. पट्ट्याची टोके बॉडीला कुठेतरी अडकवावी लागतात, पण बॉनेट शाबूत राहते. धारावीत चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांना जाड चामडे, पितळी बकल आणि आतून रंग जपणारे मऊ अस्तर, एवढ्यात हा माल तयार करता येईल. एखाद्या सुट्या भागांच्या दुकानदाराने नमुना करून ठेवायला हरकत नाही.

गाडी मालकाला दिल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा परत बोलवावी. नट पाहावेत, चकतीभोवती रंगाला चीर नाही ना ते पाहावे. आणि दुकानात दोन-चार जोड्या जास्तीच्या क्लिपा ठेवाव्यात, कारण त्या हरवतातच.