अधिकाऱ्याची वाक्ये आणि अनुकंपा

कचेरी असो, कारखाना असो की विद्यालय असो, एक माणूस दुसऱ्याकडून काम करवून घेतो तेव्हा त्या दोघांमधील व्यवहार मुख्यतः भाषेच्या द्वारे होतो. वरिष्ठाच्या अंतःकरणात हाताखालच्या माणसांविषयी कणव असेलही. परंतु ती त्या माणसांपर्यंत पोचते ती बहुधा वाक्यांच्या रूपानेच. यास्तव अनुकंपेने माणसांचे नेतृत्व करणे हा प्रश्न नीतिशास्त्राचा आणि मानसशास्त्राचा जितका आहे, तितकाच भाषाशास्त्राचाही आहे. मराठीपुरता त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. ‘अनुकंपा’ या शब्दात ‘अनु’ हा उपसर्ग आणि ‘कंप्’ हा धातू आहे. दुसऱ्याच्या कंपामागोमाग आपणही कंप पावणे, हा त्याचा मूळ भाव. इंग्रजीतील ‘एंपथी’ हा शब्द मात्र अर्वाचीन आहे. ‘आइनफ्यूलुंग’ ही संज्ञा जर्मन सौंदर्यशास्त्रात कलावस्तूत भावनेने प्रवेश करणे या अर्थी रूढ होती. तिला प्रतिशब्द म्हणून टिचेनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ साली हा शब्द योजला. मराठीत त्यास ‘समानुभूती’ म्हणतात. दया वरच्या पायरीवर उभे राहूनही करता येते. समानुभूतीसाठी ती पायरी क्षणभर सोडावी लागते. कामाच्या ठिकाणी हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे पायऱ्या आधीच आखलेल्या असतात.

आता आज्ञेची रूपे घेऊ. ‘ही फाईल आण’, ‘आणा’, ‘आणावी’, ‘आणाल का?’, ‘आणलीत तर बरे होईल’ अशी एक उतरंड मराठीत आहे. आज्ञा जितकी आडवळणाची तितकी ती सौम्य आणि सौम्य तितकी सहृदय, असा समज सर्वत्र आढळतो. तो पूर्णतः खरा नाही. रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली द्वितीयपुरुषी सर्वनामांचे विवेचन करताना सत्ता आणि जवळीक अशी दोन तत्त्वे मांडली. मराठीतील ‘तू’ दोन्ही तत्त्वांनी चालतो. आपण आईला ‘तू’ म्हणतो, देवालाही ‘तू’च म्हणतो, आणि साहेब शिपायाला ‘तू’ म्हणतो, पण शिपाई साहेबाला तसे म्हणू शकत नाही. कारखान्यातला वृद्ध मिस्त्री हाताखालच्या पोराला ‘अरे, आधी जेवून घे’ म्हणतो, त्या एकेरी आज्ञेत जी माया असते, ती ‘आपण उपस्थित राहावे’ या आदरार्थी वाक्यात असेलच असे नाही. कार्यालयीन भाषेतील ‘कळविण्यात येते की’ हा प्रयोग तर वरकरणी अगदी निरुपद्रवी दिसतो. पण त्यात कर्ता लुप्त झालेला असतो. हुकूम कोणी दिला हेच वाक्यातून कळत नसल्यामुळे अडचण सांगावयाची ती कोणाला, हेही कळत नाही.

‘आपण’ या सर्वनामाचे स्थानही असेच विचारणीय आहे. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यास वगळतो. ‘आपण’ म्हणताना त्यास सामील करून घेतो. हिंदीत ‘हम’ या एकाच शब्दावर जे भागते, त्यासाठी मराठीने दोन शब्द राखले आहेत. ‘आज आपण हे काम संपवू’ असे म्हणून वरिष्ठ पाच वाजता घरी गेला आणि काम करणारे रात्रीपर्यंत बसले, तर त्या ‘आपण’चा अर्थ प्रत्यक्षात ‘तुम्ही’ एवढाच उरतो. व्याकरणाने दिलेले वचन वर्तनाने मोडले, हे ऐकणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. अशा सौम्यतेपेक्षा सरळ ‘तुम्ही संपवा’ हे अधिक प्रामाणिक होय.

तथापि समानुभूतीची खरी कसोटी आज्ञेच्या वाक्यात नसून, काम न झाल्यानंतर जे वाक्य उच्चारले जाते त्यात आहे. पुढील वाक्ये पाहावीत: ‘त्याने काम केले नाही’, ‘त्याला काम करता आले नाही’, ‘त्याच्याने काम करवले नाही’, ‘त्याचे काम राहून गेले’. घटना एकच; पण पहिल्या वाक्यात कर्ता स्वतंत्र आहे आणि न करणे ही जणू त्याची कृती आहे. दुसऱ्यात परिस्थितीचा अडथळा सूचित होतो. तिसऱ्यातील ‘करवणे’ यास व्याकरणकार शक्य क्रियापद म्हणतात. तेथे इच्छा असूनही देहाची अथवा मनाची शक्ती कमी पडली, असा अर्थ निघतो. चौथ्यात दोष कोणाकडेच जात नाही. यांपैकी पहिले वाक्य लिहिण्यास हजेरीपत्रक पुरते. दुसरे किंवा तिसरे लिहावयाचे तर त्या माणसाला बोलावून विचारावे लागते. म्हणजे योग्य क्रियारूपाची निवड चौकशीवाचून होऊच शकत नाही. वार्षिक अहवालात यांपैकी जे वाक्य उतरते ते वर्षानुवर्षे त्या माणसाच्या मागे राहते आणि त्याच्या बढतीवर, प्रसंगी उपजीविकेवरही परिणाम करते. त्यामुळे हा भेद केवळ शैलीचा नव्हे.

येथे एक विसंगती नेहमी दृष्टीस पडते. स्वतःच्या हातून काही चुकले असता माणूस ‘राहून गेले’, ‘जमले नाही’, ‘लक्षात आले नाही’ अशी कर्त्याला पाठीशी घालणारी रूपे वापरतो. हाताखालच्या माणसाचे चुकले की मात्र ‘त्याने केले नाही’, ‘त्याने लक्ष दिले नाही’ असे म्हणतो. स्वतःच्या अडचणी आतून ठाऊक असतात, दुसऱ्याच्या नसतात, हे याचे कारण. स्वतःच्या चुकीला जे व्याकरण लावले जाते तेच दुसऱ्याच्या चुकीला चौकशीअंती लावून पाहणे, ही समानुभूतीची व्यवहारात वापरता येईल अशी व्याख्या म्हणता येईल.

मऊ शब्दांवाचूनही ही वृत्ती कशी व्यक्त होते, याचे ठळक उदाहरण शिवकालीन पत्रव्यवहारात सापडते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरात छावणीस असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांस पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. त्याची भाषा कठोर आहे. परंतु प्रत्येक ताकिदीमागे कारण दिलेले आहे. दाणावैरण आताच उधळली तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्याच्या घरचे धान्य, भाकर, गवत, भाजी उचलू लागतील आणि कसाबसा तग धरून राहिलेला कुणबी गाव सोडून जाईल. कोणी चुली पेटवील, कोणी वाऱ्याचा विचार न करता तंबाखू ओढील. रात्री तेवत ठेवलेल्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. शिपायाची सवय, कुणब्याची हलाखी आणि उंदराचा उपद्रव या सर्वांचा येथे त्या त्या ठिकाणी जाऊन विचार केलेला आहे. ज्यांना हुकूम करावयाचा त्यांना तो समजावून सांगण्याजोगे मानले आहे, यातच त्यांचा मान राखलेला आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की प्रत्येकाची अडचण समजून घेत बसल्यास शिस्त ढिली पडेल, आणि एकाला दिलेली सवलत दुसऱ्यावर भार होईल. आक्षेपात तथ्य आहे. गैरहजर माणसाचे काम अखेर शेजारच्याच माणसाला करावे लागते. म्हणूनच काही ठिकाणी अनुकंपेला व्यक्तीच्या लहरीतून काढून नियमात बसविलेले असते. सेवेत असता निधन पावलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसास शासनात मिळणारी नियुक्ती ‘अनुकंपा तत्त्वावर’ म्हटली जाते, ती यामुळेच. परंतु समजून घेणे आणि सवलत देणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ‘त्याच्याने करवले नाही’ हे कळल्यावर काम दुसऱ्यास द्यावे, मुदत वाढवावी की नकार द्यावा, हा निर्णय नंतरचा. नकार द्यावा लागला तरी तो वस्तुस्थिती जाणून दिलेला असतो, आणि ज्याला तो मिळतो त्यास आपले म्हणणे ऐकले गेले एवढे तरी ठाऊक असते.

सारांश, सर्वनाम बदलून अथवा आज्ञेला प्रश्नाचे रूप देऊन अनुकंपा साधत नाही. हुकमामागे कारण असावे, त्याच्या मागचा माणूस दिसावा, आणि दुसऱ्याच्या अपयशाचे वाक्य चौकशीनंतरच पुरे करावे. मराठीने या तिन्हींसाठी लागणारी रूपे पूर्वीपासूनच सिद्ध ठेवली आहेत. त्यांतून नेमके रूप निवडण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची आहे.