दारावरची नक्षी मधूनच का सरकते? सीएनसी मोटारीला हुकूम असा जातो

सागवानी दारावर नक्षी कोरणारं सीएनसी मशीन आता तालुक्याच्या गावी नवं राहिलेलं नाही. कॉम्प्युटर यूएसबी केबलीतून कंट्रोलर बोर्डाला एकेक ओळ पाठवतो. ‘जी१ एक्स१०० एफ५००’ म्हणजे १०० मिलिमीटरच्या खुणेवर जा, वेग मिनिटाला ५००. बोर्ड ‘ओके’ कळवतो. जीआरबीएल या फुकटच्या प्रणालीत असंच चालतं.

बोर्ड पुढं ड्राइव्हला पल्स देतो. नेहमीच्या स्टेपर मोटारीचा फेरा २०० पावलांचा. एका फेऱ्यात स्क्रू ५ मिलिमीटर सरकवत असेल तर मिलिमीटरला ४० पावलं. ८ मायक्रोस्टेप लावले की ३२०. हा आकडा ‘$१००’ सेटिंगमध्ये चुकला की मापच चुकलं.

गोम वेगळीच आहे. टूल अडकून पावलं हुकली तरी स्टेपरला ते कळत नाही, मशीन कापतच राहतं आणि महागाची फळी वाया जाते. सर्व्होला एन्कोडर असतो. फरक वाढला की ड्राइव्ह अलार्म देऊन थांबतो. म्हणून तर ती महाग.

‘!’ पाठवलं की मोटारी थांबतात, पण स्पिंडल फिरतच असतो. तेव्हा हात घालू नये! आणि केबलीत गडबड असेल तर तो हुकूम पोचतच नाही. लाल बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको, ते ड्राइव्ह आणि स्पिंडलचा वीजपुरवठा थेट तोडणारं हवं. मशीन घेताना दुकानदाराला ते दाबून दाखवायला सांगा.