पितळी पुंगळी आणि पावसाळा : काडतुसाच्या पुनर्वापरामागील धातुविज्ञान

प्रस्तावना

शिकारीची रायफल आपल्या बांध्याप्रमाणे घडवून घेणे आणि तिची काडतुसे घरीच भरणे हा अमेरिकेसारख्या देशांत एक प्रतिष्ठित छंद मानला जातो. तेथील हौशी मंडळी नळी व दस्ता यांच्याइतकेच लक्ष वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा सिद्ध करण्याकडे देतात. भारतात या छंदास वाव नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारीवर बंदी घातली. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्यावाचून शस्त्र वा दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. कोकणातील शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीला तर पुंगळीच लागत नाही. तथापि पुंगळीच्या पितळाचा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, आणि पितळास जाणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या तड्यांचे नाव हिंदुस्थानातील पावसाळ्याशी जोडले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्या तड्यांचे कारण स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पुंगळीचे कार्य

काडतुसाची पुंगळी म्हणजे दारू व गोळी एकत्र धरून ठेवणारे नळकांडे, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तिचे मुख्य काम बार उडाल्यानंतर सुरू होते. आतील वायूचा दाब वातावरणाच्या सुमारे तीन हजार पटींवर जातो. त्या दाबाने पुंगळीची भिंत फुगून नळीच्या खोलीस घट्ट चिकटते व वायूची मागची वाट बंद करते. दाब उतरताच ती किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर काढता येते. फुगणे आणि आकसणे हे दोन्ही गुण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळात उत्तम रीतीने एकत्र आढळतात. भिंतीस तडा असेल, तर हाच वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतो.

पितळ थंड अवस्थेत ठोकले वा ओढले की कठीण होते. तांबट आळीतील कारागीर मठारकाम करतो ते याच गुणाच्या आधारे. आणि भांडे फार कठीण होऊन फाटू नये म्हणून मधूनमधून ते भट्टीत तापवून मऊ करून घेतो. कारखान्यात पितळी चकतीची वाटी, वाटीची लांब पुंगळी होईपर्यंत हाच क्रम यंत्राने चालतो. तळ मुद्दाम कठीण ठेवतात, तोंडाकडील गळा मात्र शेवटी तापवून मऊ करतात. लष्करी काडतुसांच्या गळ्याजवळ दिसणारी निळसर-तपकिरी छटा त्याचीच खूण होय. ती अनेकदा डाग समजली जाते.

बार उडणे, फुगणे, पुन्हा मापात दाबले जाणे, या प्रत्येक फेरीत गळा अधिक कठीण होतो. म्हणूनच परदेशातील छांदिष्ट काही फेऱ्यांनंतर गळा पुन्हा तापवितो. या कामातील खरा धोका उष्णता तळापर्यंत पोचण्याचा असतो. तळ मऊ झाला की सर्वाधिक दाब झेलणारा भागच दुबळा होतो, आणि बाहेरून तो पूर्वीसारखाच दिसतो.

पावसाळी तडे

ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात साठविलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. त्यावरून इंग्रजीत या दोषास ऋतुवाचक नाव मिळाले. काडतुसे घोड्यांच्या पागेजवळ ठेवली जात, असे धातुविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. घोड्याच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळावर साचे. अमोनिया तांब्याशी संयोग पावतो आणि धातूच्या कणांमधील सीमारेषांवर आक्रमण करतो. परंतु केवळ अमोनियाने तडा जात नाही. घडणीच्या वेळी धातूत ताण उरलेला असावा लागतो, आणि गोळीला आवळून धरणाऱ्या गळ्यात तो असतोच. ताण, अमोनिया व ओलावा यांपैकी एक जरी काढून घेतला तरी तडा टळतो. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये हा कार्यकारणभाव विशद केला.

उपाय सोपा निघाला. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानास पितळ काही काळ ठेवल्यास कठीणपणा फारसा न गमावता आतील ताण उतरतो. ताण उरला आहे का, हे पाहण्यासाठी नमुना मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडविण्याची पद्धत रूढ झाली. ताण असेल तर नमुना थोड्याच वेळात तडकतो. पारा विषारी असल्याने महाविद्यालयात हा प्रयोग करून दाखविणे मात्र योग्य नव्हे.

प्रयोगशाळेतील पितळ

खारघर-पनवेल पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत ओलावा मुबलक असतो. येथील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत अमोनियाच्या बाटल्याही असतात आणि गॅसच्या पितळी तोट्याही. आवळून बसविलेल्या तोटीत ताण असतोच. म्हणजे तिन्ही कारणे एका खोलीत नांदतात. समई-ताम्हणावर येणारी काळपट पुटे चिंचेने निघतात, ती निरुपद्रवी असतात. तोटीवरील तडा मात्र केसाइतका बारीक असून पुटाखाली लपतो. अमोनियाची साठवण गॅसवाहिनीपासून दूर, हवेशीर कपाटात करावी आणि पावसाळा संपताच प्रत्येक तोटी साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावी.